उजेडाचा भरवसा

वडोदरा जिल्ह्याचा पूर्वेकडचा डोंगराळ पट्टा २०१३ मध्ये वेगळा झाला आणि छोटा उदेपूर हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. त्या पट्ट्यात, नर्मदेच्या उत्तरेला, आंबाडुंगर आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुखेश्वाला आणि उदास या भूवैज्ञानिकांनी तिथल्या कार्बोनेटाइट खडकांची नोंद केली आणि पाठोपाठ भारतातला फ्लोराइटचा सर्वांत मोठा साठा म्हणून हा डोंगर ओळखला जाऊ लागला. गुजरात खनिज विकास महामंडळाचा कडीपाणीचा प्रकल्प याच साठ्यावर उभा राहिला. फ्लोराइट म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड. पोलाद आणि रसायनांच्या कारखान्यांना ते लागते. पण प्रकाशाच्या अभ्यासात या खनिजाला वेगळेच स्थान आहे. १८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी याच जातीच्या स्फटिकावर सूर्यप्रकाशातला डोळ्यांना न दिसणारा अतिनील भाग पाडला आणि स्फटिकातून निळा उजेड बाहेर पडताना पाहिला. शोषलेल्या प्रकाशापेक्षा उत्सर्जित प्रकाशाची तरंगलांबी जास्त असते, हा नियम त्यांनी त्यावरून मांडला. पुढच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवली. निर्भेळ कॅल्शियम फ्लोराइड असे निळे उजळत नाही. नैसर्गिक फ्लोराइटला ही निळी दीप्ती देतात ते त्यात अत्यल्प प्रमाणात मिसळलेले युरोपियमसारखे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे अणू. प्रकाश देणाऱ्या पदार्थांचे सारे शास्त्र या एका निरीक्षणावर उभे आहे: यजमान स्फटिक निवडायचा, त्यात नेमकी अशुद्धी नेमक्या प्रमाणात घालायची आणि ती काय करते ते मोजायचे.

या शास्त्राचे वडोदरा हे भारतातले एक जुने आणि चिवट केंद्र आहे. इथे आणि देशातल्या अशाच इतर केंद्रांत झालेल्या कामाकडे पाहताना एक निष्कर्ष मला टाळता येत नाही. एखादा पदार्थ किती तेजाने उजळतो यावर त्याचे मोल ठरत नाही. तोच पदार्थ पुढच्या वर्षी, दुसऱ्या हातांनी बनवला, दुसऱ्या शहरात तापवला आणि तिसऱ्या उपकरणावर मोजला, तरी तितकाच उजळेल का, यावर ते ठरते. जिथे आपण हा भरवसा निर्माण केला तिथे भारतीय फॉस्फर, म्हणजे असा प्रकाश देणारा पदार्थ, लाखो माणसांच्या रोजच्या सुरक्षिततेचा भाग झाला. जिथे आपण केवळ तेजाच्या आलेखावर थांबलो, तिथे संशोधन ग्रंथालयात राहिले आणि दिवे बाहेरून आले. दोन्ही गोष्टींचे पुरावे आपल्यासमोर आहेत, म्हणून पुढे काय करायचे हेही ठरवता येण्यासारखे आहे.

प्रयोगशाळेतून कारखान्याकडे जाणारी वाट वडोदऱ्याला परकी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये इथे कलाभवन सुरू केले आणि त्याची धुरा रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे दिली. रंगाई, विणकाम, यंत्रकाम, वास्तुकाम असे विषय तिथे शिकवले जात. चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके इथेच शिकले. गज्जरांचा भर शास्त्र हाताला लावण्यावर होता. त्यांनी १९०७ मध्ये कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन या आपल्या शिष्यांसह अलेम्बिक केमिकल वर्क्सची स्थापना केली आणि ते नाव पुढे वडोदऱ्याच्या उद्योगाशी कायमचे जोडले गेले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कलाभवनाचे रूपांतर त्याच्या तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखेत झाले. उपयोजित भौतिकशास्त्राचा विभाग या विद्याशाखेत आहे. म्हणजे ज्या संस्थेने रंगांचे रसायन विणकरापर्यंत नेले, तिच्याच वारसदार संस्थेत प्रकाश देणाऱ्या चूर्णांचा अभ्यास झाला. त्यामुळे या अभ्यासाला उपयोगाची कसोटी लावणे म्हणजे त्याच्यावर बाहेरून अट लादणे नव्हे. ती कसोटी या घराण्याचीच आहे.

विद्यापीठातले सुरुवातीचे काम अल्कली हॅलाइड गटातल्या स्फटिकांवर होते. त्यातला सर्वांच्या ओळखीचा पदार्थ म्हणजे मीठ. आर. व्ही. जोशी, टी. आर. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च तापमानाला तापवून संस्कारित केलेल्या सोडियम क्लोराइडच्या थर्मोल्युमिनेसन्सचा, म्हणजे किरणोत्सर्ग सोसल्यावर आणि मग तापवल्यावर निघणाऱ्या उजेडाचा, बारकाईने अभ्यास केला. पुढच्या पिढीत के. व्ही. आर. मूर्ती यांच्या गटाने दिव्यांचे आणि पडद्यांचे फॉस्फर हाती घेतले: सेरियम आणि टर्बियम घातलेला लँथॅनम फॉस्फेट, युरोपियम घातलेला स्ट्रॉन्शियम सेरेट, असे अनेक. जोडीला फरशा बनवताना वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक खनिजांच्या थर्मोल्युमिनेसन्सचेही काम झाले. मूर्तींनी ल्युमिनेसन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचे अध्यक्षपद सांभाळले. नागपूर विद्यापीठात एस. व्ही. मोहरील आणि एस. जे. ढोबळे, अमरावतीत एस. के. ओमनवार यांच्या गटांनी याच क्षेत्रात दीर्घ काम केले. वडोदरा, नागपूर, अमरावती आणि मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांना जोडणारा हा पट्टा भारतातल्या फॉस्फर संशोधनाचा एक भक्कम आधार आहे. मफल भट्टी, अॅल्युमिनाची मूस, अगेटचा खल, एक्स-रे डिफ्रॅक्शन आणि फोटोमल्टिप्लायर एवढ्या साधनांवर हे शास्त्र पुष्कळ पुढे नेता येते, म्हणूनच ते राज्य विद्यापीठांत रुजले.

मीठ किंवा फरशी उजेड कसा साठवते, हे इथे समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सारा युक्तिवाद त्यावर आहे. गॅमा किंवा क्ष-किरण स्फटिकातून जातात तेव्हा काही इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून सुटतात. बहुतेक लगेच परततात. काही मात्र स्फटिकातल्या दोषांपाशी अडकतात. पाऊस थांबल्यावर कातळावरच्या खळग्यांत पाणी साचून राहते तसे ते तिथे राहतात, आणि खळगा जितका खोल तितका मुक्काम लांबतो. स्फटिक तापवला की इलेक्ट्रॉनांना बाहेर पडण्याइतकी ऊर्जा मिळते, ते परत येताना ती ऊर्जा सोडतात आणि अशुद्धीचा अणू ती प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतो. तापमान वाढत जाते तसा उजेड चढतो आणि उतरतो. या चढउताराच्या आलेखाला ग्लो कर्व्ह म्हणतात. खळग्याची खोली आणि सुटकेचा वेग यांचे गणित रँडल आणि विल्किन्स यांनी १९४५ मध्ये मांडले. १९५३ मध्ये डॅनियल्स, बॉइड आणि साँडर्स यांनी हा परिणाम मोजमापाचे साधन होऊ शकतो हे दाखवून दिले. उजेड जितका जास्त, तितका पदार्थाने सोसलेला किरणोत्सर्ग जास्त. तत्त्व इतके सरळ आहे. पण त्या उजेडातून आकडा काढायचा तर खळगे प्रत्येक वेळी सारखेच पडले पाहिजेत, आणि ते माणसाच्या हातून पडायचे असतात.

ही अट पूर्ण करून दाखवल्याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. जपानमध्ये यामाशिता आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये थुलियम किंवा डिस्प्रोसियम घातलेले कॅल्शियम सल्फेट किरणोत्सर्ग मोजण्यासाठी उत्तम असल्याचे प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या नंबी, बापट आणि गांगुली यांनी कॅल्शियम सल्फेटमध्ये निरनिराळी दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये घालून त्यांच्या थर्मोल्युमिनेसन्सचा पद्धतशीर अभ्यास छापला. आणि १९७५ पासून भारतात किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्यांना फिल्म बॅजच्या जागी टीएलडी, म्हणजे थर्मोल्युमिनेसन्सवर चालणारे मात्रामापक, बॅज मिळू लागले. शोध, अभ्यास आणि वापर यांच्यात इतके थोडे अंतर आपल्या विज्ञानाच्या इतिहासात फार वेळा दिसत नाही. या बॅजचे शास्त्र मुंबईत घडले, पण आज वडोदऱ्यातल्या रुग्णालयातला एक्स-रे तंत्रज्ञ असो की वेल्डिंगचे जोड क्ष-किरणांनी तपासणारा औद्योगिक रेडिओग्राफर, त्याच्या छातीवर असलेल्या बॅजमध्ये हाच पदार्थ आहे. दर तीन महिन्यांनी बॅज बदलतो, जुना तापवून वाचला जातो आणि त्या माणसाने किती मिलिसिव्हर्ट सोसले याची नोंद होते. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. एका चूर्णाच्या उजेडावर माणसाला कामावर ठेवायचे की काही काळ बाजूला करायचे, असा निर्णय होतो.

या बॅजमधली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट ही की, त्यातला पदार्थ आदर्श नाही. मानवी ऊतीचा परिणामी अणुक्रमांक सुमारे ७.४ आहे, कॅल्शियम सल्फेटचा १५ च्या आसपास. त्यामुळे कमी ऊर्जेचे क्ष-किरण ते ऊतीपेक्षा कितीतरी जास्त शोषते आणि आकडा फुगवते. अमेरिकेत प्रचलित झालेले लिथियम फ्लोराइड या बाबतीत ऊतीच्या जवळ होते. पण कॅल्शियम सल्फेटची संवेदनशीलता त्याच्या सुमारे तीसपट, कच्चा माल साधा आणि कृती आपल्या हातातली. म्हणून पदार्थाचा दोष रचनेने भरून काढण्यात आला. एक भाग फॉस्फर आणि तीन भाग टेफ्लॉन यांच्या १३.३ मिलिमीटर व्यासाच्या, ०.८ मिलिमीटर जाडीच्या तीन चकत्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवल्या जातात. एकीवर तांबे आणि अॅल्युमिनियमचे गाळण, दुसरीवर प्लॅस्टिकचे, तिसरी उघडी. तिन्हींच्या उजेडाचे गुणोत्तर पाहून किरण कोणत्या ऊर्जेचे होते याचा अंदाज घेतला जातो आणि आकडा दुरुस्त केला जातो. डिस्प्रोसियमचे प्रमाण ०.०५ मोल टक्के. सल्फ्युरिक आम्लात विरघळवून, आम्ल उडवून मिळणारे स्फटिक दळायचे, चाळून ठरावीक आकाराचे कण घ्यायचे, सुमारे ७०० अंशांना तापवायचे. मुख्य ग्लो शिखर २२० अंश सेल्सियसच्या आसपास येते. तेवढ्या खोलीच्या खळग्यांतला संकेत नेहमीच्या तापमानाला महिनोन्महिने फारसा ओसरत नाही. यातली प्रत्येक पायरी लिहून ठेवलेली, पडताळलेली आणि पुन्हा करता येणारी आहे. पुढे भाभा केंद्रातच एम. एस. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी कार्बन घातलेले अॅल्युमिनियम ऑक्साइड विकसित केले. ते तापवण्याऐवजी प्रकाशाने उद्दीपित करून वाचता येते. एका पदार्थावर मिळवलेली शिस्त दुसऱ्यावर अशी कामी आली.

आता दुसरी बाजू पाहू. १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांनी जपानच्या निचिया कंपनीत गॅलियम नायट्राइडचा तेजस्वी निळा एलईडी साकारला. १९९६ मध्ये त्या निळ्या चिपवर सेरियम घातलेल्या यिट्रियम अॅल्युमिनियम गार्नेटचा पिवळा फॉस्फर बसवून पांढरा दिवा बाजारात आला. २०१४ मध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना नोबेल मिळाले. भारतात उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली आणि तिच्याखाली ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. घाऊक खरेदीत एका दिव्याची किंमत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपये होती, ती २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली. विजेच्या बचतीच्या दृष्टीने हे मोठे यश आहे आणि ते खरेदीच्या, वितरणाच्या संघटनेचे यश आहे. मात्र दिव्याच्या गाभ्यातली चिप आणि तिच्यावरचा फॉस्फर यांसाठी आपण मुख्यतः परदेशावर अवलंबून राहिलो. सरकारने २०२१ मध्ये एअर कंडिशनर आणि एलईडीच्या सुट्या भागांसाठी ६,२३८ कोटी रुपयांची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना मंजूर केली, ती याच उणिवेची कबुली होती. ज्या देशात चार दशके फॉस्फरवर संशोधन होत होते, त्या देशाला ही कबुली का द्यावी लागली?

निचियाची पेटंटे आणि चिप उद्योगाला लागणारे प्रचंड भांडवल ही कारणे खरी आहेत. ती एकटीच पुरेशी असती तर मी इथेच थांबलो असतो. पण प्रकाशित शोधनिबंधांकडे पाहिले की आणखी एक कारण दिसते आणि ते आपल्या हातातले आहे. फॉस्फरवरच्या निबंधांत एक आलेख हमखास असतो. आडव्या अक्षावर तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये आणि उभ्या अक्षावर प्रकाशाची तीव्रता ‘आर्बिट्ररी युनिट’मध्ये, म्हणजे त्या दिवशी त्या उपकरणाने दिलेल्या सापेक्ष मापात. एकाच प्रयोगशाळेत, एकाच दिवशी मोजलेल्या पाच नमुन्यांची तुलना करायला ते माप चालते. वडोदऱ्याचा नमुना आणि नागपूरचा नमुना यांची तुलना त्यावरून होत नाही. दिवा बनवणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. शोषलेल्या दर शंभर फोटॉनांमागे किती फोटॉन परत मिळतात? चिपजवळचे तापमान शंभर अंशांच्या वर गेले की उजेड किती घटतो? दमट हवेत काही हजार तास चालल्यावर रंग किती सरकतो? दहा किलोचा घाणा काढला तर पहिल्या दहा ग्रॅमचेच गुण त्यात राहतात का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी इंटिग्रेटिंग स्फिअर लागतो, दुसऱ्यासाठी तापमान बदलता येणारी मोजणी, उरलेल्या दोन्हींसाठी वेळ आणि चिकाटी. ही उत्तरे नसतील तर एखादा फॉस्फर उत्तम असला तरी त्याच्यावर पैसा लावायला कोणी धजावत नाही. टीएलडी बॅजचा प्रवास आर्बिट्ररी युनिटपासून मिलिसिव्हर्टपर्यंत झाला. दिव्यांच्या फॉस्फरचा तसा प्रवास आपल्याकडे बहुतांशी झालाच नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. विद्यापीठाचे काम ज्ञान निर्माण करणे आणि विद्यार्थी घडवणे हे आहे, माल काढणे नव्हे. यजमान स्फटिक बदलून, डोपंट म्हणजे त्यात घातलेली अशुद्धी बदलून केलेल्या अभ्यासातूनही विद्यार्थी स्फटिकरचना शिकतो, वर्णपट वाचायला शिकतो, आणि हेच पुरेसे आहे, असे म्हटले जाते. यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. राज्य विद्यापीठांतल्या या साध्या प्रयोगशाळांनी शेकडो विद्यार्थ्यांना प्रायोगिक भौतिकशास्त्राची गोडी लावली, आणि मोठ्या संस्थांना हात पुरवले ते याच प्रयोगशाळांनी. पण पुनरावृत्ती आणि निरपेक्ष मोजणी या गोष्टी उद्योगाच्या गरजा म्हणून ज्ञानाच्या बाहेर ठेवता येत नाहीत. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा मिळत नाही ते निरीक्षण आणि ज्याची तुलना करता येत नाही तो आकडा ज्ञान म्हणूनही अपुरा आहे. स्टोक्स यांचा नियम टिकला तो कोणत्याही शहरात, निरनिराळ्या स्फटिकांवर पडताळता आला म्हणून. विद्यार्थ्याला हीच सवय लावणे हे विद्यापीठाचे काम आहे. वर्णपट काढणे हा तिचा पहिला धडा झाला.

विद्यापीठाला हे जमते का, असे कोणी विचारले तर उत्तर वडोदऱ्याजवळून वाहणाऱ्या महीच्या काठावर आहे. महीच्या घळींच्या उंच कड्यांत गाळाचे, लाल मातीचे आणि वाऱ्याने आणलेल्या वाळूचे थर एकावर एक दिसतात. त्यांचे वय कसे ठरवायचे? क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे कण गाडले जाण्यापूर्वी सूर्यप्रकाशात असतात तेव्हा त्यांच्यातला साठा पुसला जातो. गाडले गेल्यावर भोवतालच्या मातीतला नैसर्गिक किरणोत्सर्ग तो पुन्हा भरू लागतो. एकूण साठा भागिले वार्षिक दर म्हणजे वय. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या अशोक सिंघवी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘नेचर’मध्ये राजस्थानच्या वाळूच्या टेकड्यांचे वय या पद्धतीने काढून दाखवले, आणि हे तंत्र वाळवंटांच्या अभ्यासासाठी खुले झाले. १९८५ मध्ये हंटली आणि सहकाऱ्यांनी तापवण्याऐवजी प्रकाशाने तो साठा मोकळा करण्याची पद्धत मांडली. त्यानंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातले राज, मौर्य आणि चम्याल यांनी भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या जुयाल आणि सिंघवी यांच्यासह महीच्या खालच्या खोऱ्यातल्या थरांचा कालक्रम लावला आणि तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मान्सूनचे चढउतार, नदीने गाळ टाकण्याचे आणि तो खोदून काढण्याचे कालखंड यांची मांडणी त्या आकड्यांच्या आधारे झाली. इथे उजेड मिणमिणता असतो. तेजाच्या स्पर्धेत वाळूचा कण कुठेच बसत नाही. तरीही त्याच्या उजेडाला वर्षांत मोजता येते, कारण प्रत्येक कणाला प्रयोगशाळेत ज्ञात मात्रा देऊन त्याचा प्रतिसाद पुन्हा तपासला जातो आणि आकड्याबरोबर त्याची त्रुटीही छापली जाते. विद्यापीठ आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनी कामे वाटून घेतली तर काय होते, त्याचा हा नमुना आहे.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे. फॉस्फर चीनमध्ये स्वस्तात बनतो, दिव्याच्या किमतीत त्याचा वाटा किरकोळ आहे, मग तो इथे कशाला बनवायचा? शांत काळात हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले: समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यिट्रियम. या यादीत बॅजमधले डिस्प्रोसियम आहे, हिरव्या फॉस्फरमधले टर्बियम आहे, पांढऱ्या एलईडीतल्या गार्नेटचे यिट्रियम आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत सेरियम, लँथॅनम, निओडिमियम यांसारखी हलकी मूलद्रव्ये मुबलक आहेत. डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारखी जड मूलद्रव्ये त्यात काढण्याजोग्या प्रमाणात नाहीत. आंबाडुंगरच्या कार्बोनेटाइटमध्येही दुर्मिळ मृदा आढळल्या आहेत, त्याही मुख्यतः हलक्याच. याचा अर्थ असा की, नुसते खाणकाम वाढवून प्रश्न सुटणार नाही. जड मूलद्रव्य कमी वापरून तेवढेच काम करणारा पदार्थ कोणता, मँगनीजसारख्या सहज मिळणाऱ्या धातूने त्याची जागा कुठे घेता येते, जुन्या ट्यूबलाइटच्या चूर्णातून युरोपियम आणि यिट्रियम परत कसे मिळवायचे, हे प्रश्न पदार्थविज्ञानाचे आहेत. ते नेमके अशाच प्रयोगशाळांच्या आवाक्यातले आहेत. मँगनीज घातलेल्या पोटॅशियम फ्लुओसिलिकेटचा लाल फॉस्फर आज एलईडीत आणि पडद्यांत वापरला जातो आणि त्यात दुर्मिळ मृदा नाही, म्हणजे ही वाट कल्पनेतली नाही. आणि त्या फॉस्फरला लागणारे फ्लोरिन ज्या खनिजातून मिळते ते फ्लोराइट वडोदऱ्याच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे.

तिसरा आक्षेप असा की, बॅजचे यश हे केंद्र सरकारच्या एका बलाढ्य संस्थेचे यश आहे. तिच्यापाशी पैसा होता, कायद्याने बांधलेला ग्राहक होता. एखाद्या विद्यापीठ विभागापाशी यातले काय आहे? आक्षेपात तथ्य आहे. किरणोत्सर्गाच्या सुरक्षेचा कायदा नसता तर बॅजला मागणी आली नसती, आणि मागणी नसती तर ती शिस्तही कदाचित आली नसती. पण यातूनच उपाय दिसतो. विद्यापीठाने एकट्याने सारे करायचे नसून, मागणी जिथे आहे तिथे स्वतःला जोडून घ्यायचे आहे. घरातले मीठ आणि फरशी यांवर वडोदऱ्यात झालेल्या कामाला अशी जागा उघड आहे. एखाद्या औद्योगिक किरणोत्सर्गी स्रोताचा अपघात झाला, तर आसपासच्या लोकांच्या अंगावर बॅज नसतो. त्यांच्या घरातल्या वस्तूच त्या दिवसाची नोंद ठेवतात. मीठ ओलावा ओढते आणि उजेडात त्याचा संकेत ओसरतो, त्यामुळे बॅजसाठी ते निरुपयोगी. पण बंद डब्यातले मीठ आणि पायाखालची फरशी अपघातानंतरच्या तपासासाठी मोलाची ठरतात. गुजरातमधल्या मोरबीत देशातल्या सिरॅमिक फरश्यांचे फार मोठे उत्पादन होते. त्या फरश्यांचा किरणोत्सर्गाला मिळणारा प्रतिसाद प्रकारानुसार मोजून ठेवलेला असेल, तर आपत्ती व्यवस्थापनाच्या हाती एक तयार साधन येईल. हे काम बाजाराच्या भरवशावर सोडता येणार नाही. ते विद्यापीठानेच करायला हवे, आणि राज्य शासनाने त्याचा खर्च उचलायला हवा.

यासाठी लागणाऱ्या गोष्टी अवाढव्य नाहीत. वडोदरा, नागपूर, अमरावती आणि मुंबई यांनी मिळून काही संदर्भ फॉस्फर ठरवावेत, एकाच घाण्यातले नमुने चारही ठिकाणी वाटावेत आणि मोजणीत येणारा फरक उघडपणे छापावा. या पट्ट्यासाठी निरपेक्ष प्रकाशक्षमता मोजणारे आणि दीर्घकाळ उष्णता व दमटपणात नमुने तपासणारे एक सामाईक केंद्र असावे, तिथे कोणत्याही महाविद्यालयाचा विद्यार्थी आपले चूर्ण पाठवू शकेल. पीएचडीच्या प्रबंधात नवा पदार्थ बनवण्याइतकेच श्रेय दुसऱ्याने बनवलेला पदार्थ पुन्हा बनवून त्याचे गुण खरे-खोटे करण्याला मिळावे. आज तसे श्रेय मिळत नाही, म्हणून कोणी ते काम हाती घेत नाही. यात विद्यार्थ्याचा दोष नाही. शोधनिबंधांची संख्या मोजून नेमणुका आणि बढत्या देणाऱ्या व्यवस्थेने त्याला नव्या यजमानाच्या आणि नव्या डोपंटच्या मागे धावायला लावले आहे. ती मोजपट्टी बदलण्याचा अधिकार विद्यापीठांकडे आणि अनुदान देणाऱ्या संस्थांकडे आहे, आणि त्यासाठी परदेशी परवाना लागत नाही.

म्हणून फॉस्फरवरच्या प्रत्येक प्रबंधाला, प्रत्येक प्रकल्पाला तीन प्रश्न विचारले जावेत, असे मी आग्रहाने म्हणतो. हा आकडा कोणत्या एककात आहे? तो दुसऱ्या कोणी पडताळला आहे का? आणि वर्षभराने तोच नमुना काय सांगतो? टीएलडी बॅजच्या कर्त्यांनी आणि महीच्या वाळूचे वय काढणाऱ्यांनी या प्रश्नांची उत्तरे दिली, म्हणून त्यांच्या उजेडावर आज माणसांच्या आरोग्याचे निर्णय आणि भूमीच्या इतिहासाचे निष्कर्ष उभे आहेत. वडोदऱ्याच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या चूर्णांना तीच उत्तरे देता येतील. त्यांच्यामागे अभ्यासाची परंपरा आहे, शेजारी खनिज आहे, जवळ उद्योग आहे आणि हाताशी शिकलेली माणसे आहेत. उरली आहे ती मोजणीची शिस्त, आणि तिला वेळ, पैसा आणि मान देण्याचा निर्णय.